लिनक्सच्या डेस्कटॉपवर ‘यू’सह ‘कलर’ : ब्रिटिश वळणाचे इंग्रजी कसे आणावे

सोलापुरात चादरी आणि टॉवेलांचा व्यवहार करणाऱ्या कचेऱ्यांमध्ये इंग्रजीचा वापर मुख्यतः दरपत्रके, बीजके आणि मालाचे वर्णन यांसाठी होतो, आणि अमेरिकेत एका तऱ्हेने व ब्रिटनमध्ये दुसऱ्या तऱ्हेने लिहिले जाणारे शब्द नेमके याच कागदांत दाटीवाटीने येतात. ‘कलर’मध्ये ‘यू’ घालायचा की नाही, ‘फायबर’ आणि ‘मीटर’ यांचा शेवट ‘आरई’ने करायचा की ‘ईआर’ने, ‘ग्रे’ कापडाच्या ‘ग्रे’त ‘ई’ लिहायचा की ‘ए’, हे प्रश्न टाइप करणाऱ्याला रोज पडतात. आपल्याकडील शाळांतून शिकवले जाते ते स्पेलिंग ब्रिटिश वळणाचे आहे आणि 1881 च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यापासून बँकेच्या पावतीपर्यंत ‘चेक’ हा शब्दही ‘क्यूयूई’ लावूनच लिहिला जातो. लिनक्स बसवलेल्या संगणकावर मात्र मेन्यूमध्ये ‘यू’ नसलेला ‘कलर’ दिसतो आणि बरोबर लिहिलेल्या शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ उमटते. हे दोन्ही दुरुस्त करता येते आणि त्यासाठी एक पैसाही खर्च होत नाही. फक्त कोणती गोष्ट कोठून ठरते हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

येथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्यामुळे बहुतेकांची गफलत होते. मेन्यू, बटणे आणि सूचना यांतील शब्द ही पहिली; तारीख, आकडे, चलन आणि कागदाचा आकार यांची मांडणी ही दुसरी; आणि आपण स्वतः लिहिलेल्या मजकुराचे स्पेलिंग तपासणारा शब्दकोश ही तिसरी. या तिन्हींच्या सेटिंग वेगळ्या आहेत, त्यामुळे एक बदलल्याने दुसरी आपोआप बदलेल असे गृहीत धरू नये.

एक सूचना वाचण्यापूर्वीच लक्षात घ्यावी. आज्ञा, फाइलींची नावे आणि भाषेची सांकेतिक नावे या लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांत टाइप करायची आहेत. ‘ईएन_जीबी’ असे जेथे लिहिले आहे तेथे पहिली दोन अक्षरे लहान लिपीत, मग अंडरस्कोर आणि नंतरची दोन अक्षरे मोठ्या लिपीत येतात. हाच नियम भारतासाठीच्या ‘ईएन_आयएन’ला आणि अमेरिकेसाठीच्या ‘ईएन_यूएस’ला लागू आहे.

‘इंग्लिश (इंडिया)’ निवडूनही अमेरिकी शब्द का दिसतात

लिनक्सवरील बहुतेक प्रोग्राम मुळातच अमेरिकी इंग्रजीत लिहिलेले असतात आणि बाकी प्रत्येक भाषा, ब्रिटिश इंग्रजीसुद्धा, त्यावर भाषांतर म्हणून चढवली जाते. हे काम ‘गेटटेक्स्ट’ नावाची व्यवस्था करते. तिच्यासाठी प्रत्येक प्रोग्रामची प्रत्येक भाषेतील वाक्ये ‘एमओ’ प्रकारच्या फाइलीत साठवलेली असतात आणि या फाइली सहसा ‘यूएसआर’, त्यात ‘शेअर’, त्यात ‘लोकेल’, त्यात ‘ईएन_जीबी’ आणि त्यात ‘एलसी_मेसेजेस’ अशा एकात एक असलेल्या फोल्डरांत सापडतात. ब्रिटिश इंग्रजीसाठी ग्नोम व केडीई हे डेस्कटॉप आणि गिंप हा चित्रांचा प्रोग्राम अशा मोठ्या प्रकल्पांतील स्वयंसेवकांनी ही भाषांतरे वर्षानुवर्षे सांभाळली आहेत. भारतीय इंग्रजीच्या नावाने अशा फाइली फारच थोड्या प्रोग्रामांत आहेत.

आपण भाषा म्हणून ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडतो तेव्हा गेटटेक्स्ट प्रथम ‘ईएन_आयएन’ची फाइल शोधते, ती न मिळाल्यास नुसत्या ‘ईएन’ची शोधते, आणि तीही नसल्यास प्रोग्राममध्ये मुळात लिहिलेले वाक्य, म्हणजे अमेरिकी वाक्य, जसेच्या तसे दाखवते. शेजारीच तयार असलेल्या ‘ईएन_जीबी’च्या फाइलीकडे ती आपणहून वळत नाही, कारण भारतीय वाचकाला ब्रिटिश स्पेलिंग जवळचे आहे हे तिला कोणी सांगितलेले नसते. त्यामुळे तारखा आणि रुपये भारतीय पद्धतीने येतात आणि शब्द तेवढे अमेरिकी राहतात. काही वितरणे, म्हणजे उबंटू किंवा फेडोरा यांसारखे लिनक्सचे तयार संच, हा जोड आधीच करून देतात, म्हणून बदल करण्यापूर्वी आपल्या संगणकाची स्थिती पाहून घेणे चांगले.

ती पाहण्यासाठी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करण्याची खिडकी, उघडून ‘लोकेल’ एवढाच शब्द टाइप करून एंटर दाबावे. समोर येणाऱ्या यादीतील पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत: एक ‘लँग’ची, जिचे नाव चार अक्षरांचे आहे, आणि दुसरी ‘लँग्वेज’ची, जिचे नाव आठ अक्षरांचे आहे. दोन्ही नावे मोठ्या लिपीत असतात आणि दिसायला इतकी सारखी आहेत की घाईत एकाच्या जागी दुसरे लिहिले जाते. ‘लँग’मध्ये एकच लोकेल, म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची जोडी, असते आणि शब्द, तारखा, आकडे या सर्वांसाठी ते मूळ मानले जाते. ‘लँग्वेज’मध्ये मात्र भाषांची पसंतीक्रमाने यादी देता येते, आणि तिचा संबंध केवळ दिसणाऱ्या शब्दांशी असतो.

भाषा ब्रिटनची, मांडणी भारताची

ज्यांना टर्मिनलच्या वाटेला जायचे नाही त्यांच्यासाठी हाच मार्ग सर्वांत सुखाचा आहे आणि माझ्या मते दहापैकी नऊ कचेऱ्यांना तेवढा पुरतो. उबंटूमध्ये सेटिंग्जमधील ‘रीजन अँड लँग्वेज’ या भागात, जो नव्या आवृत्त्यांत ‘सिस्टीम’च्या आत गेला आहे, ‘लँग्वेज’ आणि ‘फॉरमॅट्स’ अशा दोन ओळी दिसतात. ‘लँग्वेज’मध्ये ‘इंग्लिश (युनायटेड किंग्डम)’ निवडावे आणि ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘इंडिया’ ठेवावे. ब्रिटनचे नाव यादीत नसेल तर तेथेच असलेल्या ‘मॅनेज इन्स्टॉल्ड लँग्वेजेस’ या बटणावर जाऊन आधी भाषा बसवून घ्यावी. त्यानंतर एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे. प्रोग्राम स्वतः सुरू होतानाच भाषेची सेटिंग वाचतात, म्हणून चालू सत्रात बदल दिसत नाही.

लिनक्स मिंटमध्ये ‘लँग्वेजेस’ नावाच्या खिडकीत भाषा आणि प्रदेश यांच्यासाठी अशीच दोन वेगळी बटणे आहेत, आणि तेथील ‘अप्लाय सिस्टीम-वाइड’ दाबल्यास लॉग इनच्या पडद्यापर्यंत बदल पोहोचतो. केडीई प्लाझ्मामध्ये ब्रिटिश इंग्रजी ‘ब्रिटिश इंग्लिश’ या नावाने मिळते आणि आकडे, वेळ, चलन, कागद यांची प्रत्येकी स्वतंत्र ओळ असल्याने तेथे ताबा अधिक बारीक आहे. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकांवर पुष्कळदा एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप असतो. त्याच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये भाषेसाठी खिडकी नाही, त्यामुळे तेथे पुढे सांगितलेला फाइलीचा मार्ग धरावा लागतो.

मांडणी भारताची ठेवण्याचा आग्रह यासाठी की ब्रिटिश मांडणीत तारीख दिवस-महिना-वर्ष अशीच येते आणि कागदही 210 गुणिले 297 मिलिमीटरचा ए4च असतो, परंतु चलन पौंड होते आणि बारा लाख पन्नास हजार ही रक्कम 12,50,000 अशी न पडता 1,250,000 अशी पडते. अमेरिकी मांडणी राहिली तर नुकसान अधिक होते, कारण कागदाचा आकार लेटर होतो आणि छपाईला पाठवलेल्या पानाचे समास बिघडतात. शिवाय 3 एप्रिल आणि 4 मार्च यांची अदलाबदल होण्याची भीती राहते, जी माल पाठवण्याच्या मुदतीच्या बाबतीत मुळीच परवडणारी नाही.

टर्मिनलमधून, थोडे अधिक नेमके

मूळ लोकेल भारताचे ठेवून केवळ शब्द ब्रिटिश हवे असतील तर ‘लँग्वेज’ची यादी वापरावी. कायमचा बदल करण्यापूर्वी एका प्रोग्रामवर प्रयोग करून पाहता येतो. टर्मिनलमध्ये मोठ्या लिपीत ‘लँग्वेज’, लगेच बरोबरचे चिन्ह, मग ‘ईएन_जीबी’, विसर्गासारखे दिसणारे कोलन, मग ‘ईएन’ असे मध्ये जागा न सोडता लिहावे. त्यानंतर एक जागा सोडून लहान लिपीत ‘गिंप’ लिहावे आणि एंटर दाबावे. चादरीच्या नक्षीचे रंग जुळवण्यासाठी ज्यांच्याकडे गिंप बसवलेले असते त्यांना वरच्या पट्टीतील ‘कलर्स’ हा मेन्यू ‘यू’सह दिसेल. तो तसा दिसला म्हणजे भाषांतराच्या फाइली जागेवर आहेत आणि फक्त पसंतीक्रम सांगायचा राहिला आहे, एवढे सिद्ध झाले. खिडकी बंद केली की हा प्रयोग संपतो. संगणकाच्या सेटिंगला काहीही धक्का लागत नाही.

कायमच्या बदलासाठी डेबियन आणि उबंटूवर ‘सुडो अपडेट-लोकेल’ ही आज्ञा लिहून तिच्यापुढे हीच ‘लँग्वेज’ची जोडणी द्यावी. ही आज्ञा ‘ईटीसी’मधील ‘डीफॉल्ट’ या फोल्डरातील ‘लोकेल’ नावाच्या फाइलीत ती ओळ लिहून ठेवते. फेडोरा आणि आर्चवर हेच काम ‘ईटीसी’मधील ‘लोकेल डॉट कॉन्फ’ ही फाइल करते आणि तिच्यात ‘लोकेलसीटीएल सेट-लोकेल’ या आज्ञेने बदल करता येतो. ही आज्ञा देताना ‘लँग’ आणि ‘लँग्वेज’ दोन्ही एकाच वेळी द्यावीत, म्हणजे एक लिहिताना दुसरे गळणार नाही.

लोकेल स्वतः तयार झालेले नसेल तर यातील काहीच चालत नाही. ‘लोकेल’ या आज्ञेपुढे जागा सोडून उणे चिन्ह आणि लहान ‘ए’ जोडल्यास संगणकावर तयार असलेल्या सर्व लोकेलांची यादी येते. तिच्यात ब्रिटन किंवा भारत नसल्यास डेबियनवर ‘सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर लोकेल्स’ ही आज्ञा द्यावी आणि उघडणाऱ्या लांबलचक यादीत हव्या त्या ओळींसमोर स्पेसबारने खूण करावी. येथे एक बारीक फरक दिसतो: ब्रिटनच्या नावाच्या अनेक ओळी असतात आणि त्यांतील ‘यूटीएफ-8’ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीची निवडायची असते, तर भारतीय इंग्रजीची आणि मराठीची नोंद मुळातच ‘यूटीएफ-8’ची असल्याने प्रत्येकी एकच ओळ मिळते. मूळ लोकेल ‘सी’, म्हणजे कोणतीही भाषा न ठरवलेले, असेल तर गेटटेक्स्ट ‘लँग्वेज’ची यादी वाचतच नाही, हेही ध्यानात ठेवावे.

ज्यांच्या संगणकावर मराठीही बसवलेली आहे त्यांनी या यादीत मराठीचे ‘एमआर’ कोठे घालायचे याचा नीट विचार करावा. ‘ईएन_यूएस’ आधी आणि मराठी नंतर अशी यादी दिली तर इंग्रजी पडदा दिसेल अशी कोणाचीही अपेक्षा असते, पण प्रत्यक्षात पुष्कळ प्रोग्राम मराठीत उघडतात. कारण अमेरिकी इंग्रजी ही मूळ भाषा असल्याने तिची भाषांतराची फाइल नसतेच, आणि ती सापडली नाही म्हणून गेटटेक्स्ट सरळ यादीतील पुढच्या भाषेकडे जाते. ब्रिटिश भाषांतर अपुरे असलेल्या प्रोग्राममध्ये तर अर्धी बटणे इंग्रजीत आणि अर्धी मराठीत असा प्रकार होतो. दोन्ही भाषा हव्या असतील तर मराठी आधी ठेवावी किंवा दोन वापरकर्त्यांची दोन खाती करावीत, आणि इंग्रजीच हवी असेल तर यादीत मराठी घालूच नये.

ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेल्या मुलांनाही हीच युक्ती उपयोगी पडते: यादीत आधी ‘ईएन_एयू’, मग ‘ईएन_जीबी’, मग ‘ईएन’. कॅनडाचे प्रकरण निराळे आहे, कारण तेथे ‘कलर’ आणि ‘सेंटर’ ब्रिटिश पद्धतीने लिहितात पण गाडीचा ‘टायर’ अमेरिकी पद्धतीने, आणि म्हणून कॅनडासाठी ब्रिटिश भाषांतराचा आधार सरसकट घेऊ नये.

लिब्रेऑफिस

पत्रे आणि तक्ते तयार करणाऱ्या लिब्रेऑफिस या संचात कचेरीचे खरे काम चालते आणि घोळही येथेच सर्वाधिक होतो, कारण लिब्रेऑफिसमध्ये वर सांगितलेल्या तिन्ही गोष्टींच्या स्वतंत्र सेटिंग आहेत आणि त्याशिवाय प्रत्येक दस्तऐवज आपली भाषा स्वतःबरोबर बाळगतो. मेन्यू ब्रिटिश इंग्रजीत हवे असतील तर डेबियन-उबंटूवर ‘लिब्रेऑफिस-एल10एन-ईएन-जीबी’ हे पॅकेज बसवावे लागते. शब्दकोशासाठी ‘हन्स्पेल-ईएन-जीबी’ हे पॅकेज आहे. त्याच्याबद्दल एक गोष्ट फारशी कोणाला माहीत नसते: भारतीय इंग्रजीचा शब्दकोश म्हणून जी नोंद या पॅकेजसोबत येते ती वेगळी यादी नसून ब्रिटिश यादीकडेच बोट दाखवणारी खूण आहे. म्हणून मजकुराची भाषा ‘इंग्लिश (यूके)’ ठेवली काय किंवा ‘इंग्लिश (इंडिया)’ ठेवली काय, तपासणी एकाच यादीवरून होते आणि ‘लाख’ किंवा ‘पंचा’ यांसारखे नेहमीचे शब्द तांबड्या रेघेखाली आल्यास ते आपणच ‘अ‍ॅड टू डिक्शनरी’ने जोडावे लागतात.

पॅकेजे बसल्यावर ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषांच्या विभागात जावे. जुन्या आवृत्त्यांत त्याचे नाव ‘लँग्वेज सेटिंग्ज’ आहे, नव्यांत ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’. तेथे ‘यूजर इंटरफेस’समोर ब्रिटिश इंग्रजी निवडावे, ‘लोकेल सेटिंग’समोर मात्र ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडावे, म्हणजे कॅल्क या तक्त्यांच्या प्रोग्राममध्ये चलन रुपया येईल आणि लाख-कोटींचे स्वल्पविराम योग्य जागी पडतील. संपूर्ण संगणकाची भाषा ब्रिटनची केली असल्यास ही दुसरी निवड विसरू नये, नाहीतर बीजकात टॉवेलांचे दर पौंडांत उमटतात. खाली दस्तऐवजांच्या मूळ भाषेच्या भागात ‘वेस्टर्न’समोर इंग्रजीचा हवा तो प्रकार आणि ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’समोर मराठी ठेवावी. लेटरहेडवर वर मराठी आणि खाली इंग्रजी अशी रचना ज्यांच्याकडे असते त्यांना या दोन ओळींमुळे प्रत्येक लिपीचा मजकूर ज्याच्या त्याच्या भाषेचा म्हणून नोंदवून मिळतो. ‘फॉर द करंट डॉक्युमेंट ओन्ली’ या चौकटीत खूण राहिलेली नाही ना, हे खिडकी बंद करण्यापूर्वी पाहावे.

इतके करूनही गेल्या वर्षीचे दरपत्रक उघडले की ‘कलर’खाली रेघ तशीच दिसते. याचे कारण असे की नव्या सेटिंगचा परिणाम नव्या दस्तऐवजांवर होतो; जुन्या फाइलीतील प्रत्येक परिच्छेदावर तो लिहिताना असलेली भाषा चिकटलेली असते, आणि परदेशी ग्राहकाच्या मेलमधून चिकटवलेला मजकूर स्वतःची भाषा घेऊन येतो. कर्सर शब्दावर ठेवल्यास खिडकीच्या तळाशी असलेल्या पट्टीत त्या जागेची भाषा दिसते आणि निदान तेथेच होते. उपाय म्हणून ‘टूल्स’मधील ‘लँग्वेज’ या मेन्यूत ‘फॉर ऑल टेक्स्ट’खाली हवी ती इंग्रजी निवडावी. दरपत्रकाचा नमुना टेम्प्लेट म्हणून साठवलेला असेल तर हा बदल टेम्प्लेटमध्येच करून तो पुन्हा साठवावा, अन्यथा दर महिन्याला हेच काम पुन्हा करावे लागते.

तपासणीसाठी कोणते शब्द घ्यावेत यालाही महत्त्व आहे. ‘कलर’, ‘सेंटर’ आणि ‘फायबर’ हे निर्णायक आहेत. ‘ऑर्गनाइझ’ हा शब्द कसोटीसाठी निरुपयोगी आहे, कारण तो ‘एस’ने की ‘झेड’ने लिहावा याबाबत ब्रिटनमध्येच दोन परंपरा आहेत आणि ऑक्सफर्डच्या प्रकाशनांचा कल ‘झेड’कडे आहे. ‘प्रोग्राम’बाबतही तसेच: समारंभाच्या कार्यक्रमाला ब्रिटिश पद्धतीत शेवटी ‘एमई’ लागतो, संगणकाच्या प्रोग्रामला लागत नाही, तेव्हा मेन्यूमध्ये तो आखूड दिसला तर काही बिघडले आहे असे समजू नये.

फायरफॉक्स आणि थंडरबर्ड

हे दोघे गेटटेक्स्ट वापरत नाहीत, त्यामुळे ‘लँग्वेज’ची यादी त्यांना लागू पडेलच असे नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमधील ‘जनरल’ भागात ‘लँग्वेज’खाली ‘इंग्लिश (जीबी)’ निवडता येते. वेबपाने कोणत्या भाषेत मागवायची याची यादी तेथेच निराळी असते. लिहिताना होणाऱ्या तपासणीसाठी मजकुराच्या चौकटीत उजवी कळ दाबून ‘लँग्वेजेस’मध्ये ब्रिटिश शब्दकोश निवडावा, तो नसल्यास तेथूनच जोडता येतो. थंडरबर्डमध्ये पडद्याची भाषा ‘जनरल’मध्ये आणि मेल लिहितानाचा शब्दकोश ‘कंपोझिशन’मध्ये मिळतो.

तरीही एखादा प्रोग्राम ऐकत नसेल तर

प्रथम तो कसा बसवला आहे हे पाहावे. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप म्हणून बसवलेला प्रोग्राम आपली भाषांतरे आपल्याच डब्यात ठेवतो, आणि वितरणाच्या भांडारातून बसवलेले भाषेचे पॅकेज त्याला दिसतही नाही. फ्लॅटपॅक तर जागा वाचवण्यासाठी संगणकावर नोंदवलेल्या भाषांचीच भाषांतरे उतरवून घेते. भाषा नंतर बदलली असल्यास ‘फ्लॅटपॅक अपडेट’ ही आज्ञा एकदा चालवावी.

त्यानंतर त्या प्रोग्रामची स्वतःची पसंतीची खिडकी तपासावी. गिंपमध्ये ‘प्रेफरन्सेस’च्या ‘इंटरफेस’ भागात भाषा वेगळी ठरवता येते, आणि ती कोणी पूर्वी निश्चित करून ठेवली असेल तर संगणकाची सेटिंग तेथे चालत नाही.

शेवटी ‘ईएन_जीबी’च्या फोल्डरात त्या प्रोग्रामच्या नावाची ‘एमओ’ फाइल आहे का ते पाहावे. उबंटूवर ती ‘लोकेल-लँगपॅक’ नावाच्या शेजारच्या फोल्डरातही असू शकते, म्हणून दोन्ही जागा पाहाव्यात. फाइल आहे आणि तरी शब्द अमेरिकी दिसतात, तर पसंतीक्रमात कोठेतरी चूक आहे; उदाहरणार्थ, ‘एलसी_ऑल’ या सेटिंगला कोणीतरी अमेरिकी किंमत देऊन ठेवलेली असेल तर ती आकडे व तारखांवर आणि ‘लँग्वेज’ची यादी दिलेली नसल्यास शब्दांवरही कुरघोडी करते. फाइलच नसेल तर ब्रिटिश भाषांतर अद्याप झालेले नाही आणि कोणत्याही सेटिंगने ते प्रकट होणार नाही. अशा वेळी ‘पोएडिट’ हा मोफत प्रोग्राम बसवून प्रकल्पाची ‘पीओ’ प्रकारची फाइल उघडली तर डावीकडे मूळ अमेरिकी वाक्य आणि त्याच्यासमोर भाषांतराची रिकामी जागा दिसते. बहुसंख्य वाक्ये जशीच्या तशी उतरवायची असतात आणि बदल फक्त ‘कलर’, ‘सेंटर’, ‘डायलॉग’ अशा ठरावीक शब्दांत करायचा असतो, त्यामुळे छोट्या प्रोग्रामचे काम महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही झेपते. तयार झालेली फाइल प्रकल्पाच्या भाषांतर-गटाकडे पाठवावी, म्हणजे पुढच्या आवृत्तीबरोबर ती सर्वांच्या संगणकावर येते.